अकरा नंबरच्या पंख्याखाली

चाळकेवाडीच्या पठारावर तेव्हा
पंखे नवे होते आणि मीही.
आयटीआयचा वायरमन, पगार बावीसशे,
साताऱ्याहून सामानाच्या ट्रकमधून वर जायचो
केबलच्या रिळावर बसून.

डेन्मार्कहून आलेला हेनिंग,
पोरांनी दोन दिवसांत त्याचा हणमंता केला.
तोही ओ द्यायचा.
चार महिने लाल कानटोपी घालून नटबोल्ट मोजत राहिला,
जाताना मागं ठेवलं ते एवढंच:
एक पाना, निम्मी कॉफीची बरणी
आणि बुटाच्या खोक्यात एकोणीस कॅसेटी.

वेष्टणांवरची अक्षरं ओळखीची वाटून फसवायची.
कुठं ए-च्या डोक्यावर टिकलीएवढं वर्तुळ,
कुठं ओ तिरका छाटलेला,
हिशेबनीस चुकीचं शून्य छाटतो तसा.
कोण स्वीडनचा, कोण नॉर्वेचा, कोण फिनलंडचा
मला काय ठाऊक. शाळेच्या नकाशात ते सगळं
वरच्या कोपऱ्यात, घडीवर फाटलेलं.

पहिली लावली ती तेवीस मिनिटं संपेना.
गाणाराच येईना.
बासरी आली, गेली.
मग एक पेटीसारखं काहीतरी, पण तिच्या पोटात
कुणी पन्नास बायका कोंडल्या असाव्यात,
एकदम आ करून उठल्या.
मग ड्रम. मी बोटांवर मोजायला घेतलं
आणि दर वेळी करंगळीपाशी चुकलो.

कोंडिबा ढेबे, रातपाळीचा वॉचमन.
जत्रेत ढोल त्याच्याच गळ्यात असायचा.
दारात उभा राहून ऐकत होता, बिडी विझेपर्यंत.
मग म्हणाला,
"सात हायती. साताव लंगडतंय बघ.
पायात काटा भरलेली शेळी चालती तसं.
पर पडत न्हाय."

त्या रात्री सात कळले.
पुढं अकरा.
पुढं एकदा कोंडिबालाही न गवसलेलं काही,
जे आम्ही तेरा म्हणून सोडून दिलं.

बाहेर अकरा नंबरचा पंखा तिनावर,
भफ्, भफ्, भफ्,
आत टेप सातावर.
एकविसाला दोघं गाठ घ्यायचे
आणि कोंडिबा काठी आपटायचा.
धुकं विचारल्याशिवाय आत यायचं.

एका कॅसेटीत नुसता सॅक्सोफोन,
दोन सुरांमध्ये एवढी जागा
की तेवढ्यात स्टोव्हला पंप मारून यावं.
कोंडिबा म्हणाला, "ह्यो एकटा ऱ्हातो."
दोघंही मग बराच वेळ बोललो नाही.

खाली राजवाड्यावर मित्रांना ऐकवली एकदा.
भेळ खाता खाता एकजण म्हणाला,
"कॅसेट गुंतलीय रे तुझी."

सेल उतरत आले की सगळं खाली बसायचं.
बासरी घोगरी, बायकांचे बाप्ये,
शेवटचा सूर चिखलात चाक रुतावं तसा.
मला वाटायचं, गाणंच असं संपतं.
मुद्दाम. दमून.

अकरा नंबर गेल्या साली उतरवला.
पाती ट्रेलरवर बांधून बोरण्याच्या घाटातून
इंच इंच खाली नेली, गाड्या थांबवून.
कोंडिबा त्याच्या कितीतरी आधी.

परवा लेकीनं मोबाइलवर ते शोधून दिलं,
छाटलेल्या ओ-सकट, मिनिटभरात.
लख्ख. पुसून ठेवल्यासारखं.
आणि शेवट धाडकन,
कुणीतरी दार लावून निघून गेल्यासारखा.
पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"चुकलं का, बाबा?"

नाही, म्हटलं, हे सात मोजतंय,
तू तीन मोज.
पोळपाटावर बोटं वाजवत ती मोजू लागली,
नवालाच चुकली, हसली.

परत लाव, म्हटलं.
आणि तो चार्जर काढ.